इजिप्तला जाण्याआधी गच्चीवर या

एप्रिलमधल्या भर दुपारी आमच्या गच्चीवर शिट्टी वाजली, की समजायचं, सोसायटीतलं कुणीतरी परदेशी फिरायला चाललं आहे. शिट्टी वाजवणारे गृहस्थ म्हणजे पाटणकरकाका. ते स्वतः पाण्याच्या टाकीशेजारी एका भल्यामोठ्या छत्रीखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले असतात. परदेशी चाललेलं कुटुंब डोक्यावर टोप्या, पायात बूट आणि पाठीवर भरलेल्या पिशव्या अशा थाटात तापलेल्या फरशीवर गोल गोल फिरत असतं. एक शिट्टी म्हणजे थांबा. दोन शिट्ट्या म्हणजे पाणी प्या. लांबलचक शिट्टी म्हणजे कुणीतरी चक्कर येऊन पडलं आहे असं समजा आणि त्याला उचलून सावलीत न्या. ते 'कुणीतरी' कोण, हे काका बोटाने दाखवतात.

याला ते मॉक ड्रिल म्हणतात. सातपूरच्या एका कारखान्यात भट्टी विभागाचे ते सुरक्षा अधिकारी होते. आग लागलेली नसताना ती लागली आहे असं समजायचं, माणसं पळवायची, आणि पळताना जो हसेल त्याला परत पळवायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, पण समजून चालायची सवय सुटली नाही. गॅस पेटवताना तो गळतो आहे असं ते समजतात. लिफ्टमध्ये शिरताना ती अडकणार असं समजून आधी घोटभर पाणी पिऊन घेतात. आणि फिरायला निघालेला माणूस त्यांच्या लेखी उन्हाने आडवा झालेलाच असतो, फक्त ही गोष्ट त्याला अजून कळलेली नसते.

"ऊन विचारून लागत नाही," हे त्यांचं लाडकं वाक्य. ते भाजीवाल्याला म्हणतात, पोस्टमनला म्हणतात. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीच्या लग्नात नवरा-नवरी पाया पडायला वाकले, तेव्हा काकांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून हेच म्हटल्याचं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. ती दोघं बालीला निघाली होती.

मला हा माणूस सहन होत नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. आमच्या दोन घरांमध्ये एक भिंत आहे. पण भट्टीच्या आवाजावर ओरडून ओरडून काकांचा आवाज असा झाला आहे, की ती भिंत नावापुरतीच उरली आहे. ते पाटणकरकाकूंना एखादी सूचना देतात आणि आमच्या घरात बाबा दचकून पंखा बंद करतात. मी ज्या घरात वाढले तिथे वर्तमानपत्राच्या रद्दीपेक्षा युनियनच्या पत्रकांची रद्दी जास्त निघायची. त्यामुळे कुणाच्याही गळ्यात शिट्टी दिसली, की मला पहिला प्रश्न पडतो, ही यांना दिली कुणी?

तर ती त्यांना कुणीही दिलेली नाही. ती त्यांनी स्वतः विकत घेतली आणि नारिंगी दोरीत ओवून गळ्यात घातली. गच्चीची किल्लीही त्यांच्याकडेच, कारण टाकीचा पंप तेच बघतात. म्हणजे साधनं त्यांची, जागा त्यांच्या ताब्यात आणि नियमही त्यांचेच. अशा व्यवस्थेला काय म्हणतात ते मला चांगलं ठाऊक आहे, पण सोसायटीतले लोक त्याला 'काकांचं आपलं काहीतरी' म्हणतात आणि निमूटपणे टोपी घालून वर जातात.

याहून जास्त चीड या गोष्टीची, की त्यांचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबर निघतं.

दुसऱ्या मजल्यावर भामरे राहतात. मूळचे सटाण्याचे, कांद्याचे व्यापारी. व्हिएतनामला जाताना त्यांनी ड्रिलला साफ नकार दिला. "आम्ही उन्हातच जन्मलो पाटणकर, आम्हाला काय शिकवता?" असं म्हणून त्यांनी घरचे दोन कांदे पँटच्या दोन खिशांत घातले आणि निघाले. मला त्यांचा अभिमान वाटला. कांद्याचा नाही, नकाराचा. मुंबईच्या विमानतळावर तपासणीवाल्याने खिसे रिकामे करायला सांगितले. भामऱ्यांची बायको सांगते, की घाबरल्यावर हे थेट अहिराणीवर येतात. म्हणाले, "भाऊ, हाऊ कांदा शे. खिसामा ठेवा ते ऊन लागस नही." तो तपासणीवाला आपल्याच बाजूचा निघाला. त्याने कांदा हातात घेऊन फिरवला आणि विचारलं, "उन्हाळ का?" दोघांचं कांद्याच्या बाजारभावाबद्दल बोलणं झालं. कांदे आत गेले.

पण तिकडचं ऊन वेगळं. आपलं कोरडं, तिथलं ओलं. भामरे नवी कोरी जीन्स आणि नवे कोरे बूट घालून त्या दमट हवेत दिवसभर हिंडले. परत आले तेव्हा त्यांची चाल बघून लहान मुलं मागे लागायची. काका मुद्दाम खाली येऊन पार्किंगमध्ये उभे राहिले. भामरे गाडीपासून लिफ्टपर्यंत पाय फाकवून, एकेक पाऊल जपून टाकत गेले. काकांनी फक्त एकदा शिट्टी वाजवली. आणि मला सांगायला लाज वाटते, भामरे थांबले.

काकांचा मुख्य आक्षेप नाशिककरांवर आहे. "नाशिकचा माणूस हवेने लाडावलेला," असं ते म्हणतात. "दुपारी चटका बसला, तरी संध्याकाळी धरणाकडून वारा येतो आणि हा सगळं विसरतो. त्याला वाटतं, ऊन म्हणजे दुपारची गोष्ट. तिकडे धरण नाही. तिकडे रात्री पण ऊनच असतं, फक्त दिसत नाही."

"तुम्ही बघितलंय का तिकडे जाऊन?" मी एकदा विचारलं.

"मी भट्टीत उतरून बघितलंय का? तरी माहिती आहे ना, गरम असते."

खरं म्हणजे काका कुठेच गेलेले नाहीत. रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे डॉक्टरांनी त्यांना उन्हात हिंडायला आणि लांबच्या प्रवासाला मनाई केली आहे. म्हणून ती छत्री. जग फिरायला निघालेल्यांना एक घरबसला माणूस सावलीत बसून उन्हात पळवतो, या चित्राकडे बघून माझं डोकं जेवढं तापतं तेवढं कुठल्याच उन्हाने तापत नाही.

तरीही मी गप्प राहिले असते. भामरे काय, बालीवाले काय, सज्ञान माणसं आहेत, फिरतात तर फिरू देत. माझा संयम सुटला तो काकूंमुळे.

पाटणकरकाकू, म्हणजे शैलाकाकू, महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. पाचवी-सहावीला इतिहास-भूगोल. निळ्या खडूने फळ्यावर नाईल नदी काढण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. उगमापासून मुखापर्यंत, खडू न उचलता. त्यांच्या हाताखाली शिकलेली माझी आई सांगते, की ती नदी पुसायला मुलींना जिवावर यायचं. काकूंनी आयुष्यभर जग काढून दाखवलं. बघितलं मात्र नाही, कारण त्या ड्रिलमध्ये नापास होतात.

हो, नापास. सोसायटीतली सगळी माणसं पास होतात, आंधळी कोशिंबीर खेळावी तशी धडपडत का होईना, आणि काकू दर वेळी नापास. मैत्रिणींबरोबर राजस्थानला जायचं होतं, तेव्हा त्यांनी वारा घ्यायला टोपी काढली म्हणून नापास. भाचीबरोबर बँकॉकला जायचं ठरलं, तेव्हाचं ड्रिल तर माझ्यासमोर झालं. फेऱ्या संपल्या, दोन शिट्ट्या वाजल्या, आणि काकूंची बाटली रिकामी निघाली.

"पाणी कुठे गेलं?" काकांनी विचारलं.

"टाकी रंगवायला माणूस आलाय ना, त्याला दिलं. सकाळपासून उन्हात आहे तो."

"आणि बँकॉकमध्ये रंगवाला भेटला तर?"

"तर त्यालाही देईन."

"नापास."

काकू हसल्या आणि खाली जाऊन कणिक मळायला लागल्या. भाची एकटी गेली. मी मात्र त्या रात्री पत्रक लिहिलं आणि सकाळी लिफ्टशेजारी चिकटवलं: 'गच्चीवरची सक्ती बंद करा. बाईला प्रवासासाठी कुणाची परवानगी लागत नाही, फक्त पासपोर्ट लागतो.' दुपारी बघते तर त्याखाली काकांच्या टपोऱ्या अक्षरात दोन शब्द लिहिलेले होते: 'आणि टोपी.'

मी ते पत्रक काढलं नाही. काढणं म्हणजे माघार. ते उन्हाळाभर तिथेच राहिलं आणि लोक ते काकांनीच लावलंय असं समजले. भामरेवहिनी मला म्हणाल्या, "पाटणकर किती छान लिहितात गं."

या वर्षी आईने इजिप्तचं ठरवलं. आईसुद्धा शिक्षिका. तिला सुट्टी मे महिन्यात मिळते, आणि मे महिन्यात शहाणी माणसं इजिप्तला जात नाहीत म्हणून सहलीचे दर उतरलेले असतात. बाबांच्या मते सुट्टी म्हणजे शिफ्ट नसलेली झोप, त्यामुळे त्यांचा प्रश्न नव्हता. आईने काकूंना दारातच गाठलं.

"बाई, मे महिन्यात इजिप्तचं जमतंय. येता?"

"येते," काकू म्हणाल्या. आत वळूनसुद्धा बघितलं नाही त्यांनी. मला दारामागे उभं राहून टाळी वाजवावीशी वाटली.

मग भिंतीतून ऐकू आलं.

"इजिप्त?"

"इजिप्त."

"मे महिन्यात?"

"मे महिन्यात."

"ड्रिल होईल."

"होऊ दे."

पुढचे काही दिवस काका रोज संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसायचे आणि दोघींना शिकवायचे. मी आतल्या खोलीत दार लावून बसायचे, पण भिंतीचं सांगितलं तेच दाराचं. "नवे बूट घेऊन जायचे नाहीत वहिनी. घ्या आजच, पण महिनाभर घरात वापरून जुने करा, मग न्या. कपडे सुती, सैल, पूर्ण बाह्यांचे. अंग झाकलं की उकडतं हा गैरसमज. उघडं ठेवलं की भाजतं. तोंडाला मलम लावाल आणि कान विसराल, पावलांचा वरचा भाग विसराल. सगळे विसरतात. बाटलीचं सील स्वतः फोडायचं. सरबत गोड असो की आंबट, बर्फ नको. बर्फ कुठल्या पाण्याचा हे बर्फ सांगत नाही. जे बघायचं ते उजाडता उजाडता बघा, ऊन चढलं की खोलीत या, झोपा, कलल्यावर पुन्हा निघा. चकल्या नेऊ नका. चकली माणसाला तहान लावते आणि वर आणखी एक खायला लावते."

"शेव?" आईने विचारलं.

"शेव ही चकलीच. फक्त मोडलेली."

गोळ्या हातातल्या पिशवीत, सामानात नाहीत. पासपोर्टची प्रत एकमेकींच्या पर्समध्ये. हॉटेलचं कार्ड कायम अंगावर. सुटी नाणी वेगळ्या खिशात, कारण तिकडे जो तो बक्षीस मागतो, आणि शब्दही बक्षीसच आहे, नवा शिकायला नको. उंटावर बसायचं असेल तर चढायचे आणि उतरायचे पैसे आधीच ठरवून घ्या. चढवणारा स्वस्त असतो, उतरवणारा महाग.

आई त्यांच्या पूर्ण कह्यात गेली. पोळ्या लाटताना पायात कॅनव्हासचे बूट. दुपारी घड्याळ लावून झोपणं. "आई, तू शरण गेलीस," मी म्हटलं.

"शरण कुठे? बूट चावायचे थांबले, एवढंच. तुला चावत असतील तर सांग, तुझेही जुने करून देते."

ड्रिलच्या दिवशी मी मुद्दाम वर गेले. साक्षीदार असावा म्हणून. आई पहिल्याच झटक्यात पास झाली. वर 'कान लक्षात ठेवले' असं कौतुकही मिळालं. मग काकूंच्या फेऱ्या सुरू झाल्या. टोपी डोक्यावर, बाटली भरलेली, बाह्या मनगटापर्यंत. शेवटच्या फेरीला काकू टाकीच्या सावलीत टेकल्या. तिथून पांडवलेण्यांचा डोंगर सरळ समोर दिसतो. उठायची शिट्टी झाली. काकू उठल्या नाहीत.

"शैला, शिट्टी झाली."

"ऐकली."

"मग?"

"मी बघतेय."

"काय बघतेयस? रोजचा तर डोंगर आहे."

"तिथे जाऊनही मला हेच करायचंय. बसून बघायचंय. घंटा झाली की उठायचं, हे मी शाळेत पुष्कळ केलं."

"नापास," काका म्हणाले.

मग मी बोलले. बरंच बोलले. काकू तुमच्या भट्टीवरच्या हजेरीतल्या नाहीत, म्हणाले. ज्याला स्वतःला कुठे जाता येत नाही त्याने दुसऱ्याची वाट अडवून बसणं याला सुरक्षा म्हणत नाहीत, याला पहारा म्हणतात, असंही म्हणाले. हे शेवटचं जरा जोरात लागलं असावं, कारण काकांनी आधी छत्रीचा दांडा उगाच सरळ केला.

"पत्रकबाई," ते म्हणाले, "टोपी घाल. डोकं तापलंय."

मी पुन्हा तोंड उघडलं, पण काकूंनी हाताने थांबवलं. "मुक्ता, तू बस जरा. आणि अहो, ऐका. मी नापास. कबूल. पण मी जाणार. नापास होऊनच जाणार."

काका छत्रीखालून उठले, उन्हात दोन पावलं आले, आणि परत सावलीत जाऊन बसले.

"मग एक ड्रिल राहिलं," ते म्हणाले. "माझं. तू नाहीस असं समजून."

पुढच्याच रविवारी सकाळी आमची बेल वाजली. दारात काकू, हातात चष्मा आणि शब्दकोड्यांची पुरवणी.

"मला बाहेर काढलंय," त्या म्हणाल्या. "मी इजिप्तला गेलेय."

अंधार पडेपर्यंत घरी यायचं नाही, फोन करायचा नाही, भिंतीवर थाप मारून काही सांगायचं नाही, असा नियम होता. काकू आमच्या सोफ्यावर बसल्या आणि दिवसभर इजिप्तमध्येच राहिल्या. आई खूश. तिला बोलायला माणूस मिळालं. माझा मात्र संताप संताप झाला. एका बाईला स्वतःच्याच घरातून हद्दपार करायचं आणि त्याला तालीम म्हणायचं.

"तुम्ही ऐकताच कशाला?" मी विचारलं.

काकूंनी आधी कोड्यातलं एक आडवं भरलं. "त्या दिवशी गच्चीवर मी म्हणाले खरी, नापास होऊनच जाणार. पण माझं राहू दे. हे पास व्हायला हवेत. यांना एकट्याने जमलं नाही ना, तर माझा पाय नाही निघायचा. विमानतळावरून परत येईन मी."

"काकू, ही शरणागती आहे."

"असेल. खोडरबर आहे का?"

भिंतीपलीकडून आवाज येत होते आणि आई त्यांचं वर्णन करत होती. "कुकर लावला. शिट्ट्या जरा जास्त झाल्या, भात मऊ होणार. आता फोडणी. जिरं. जळलं नाही." जेवणानंतर भांड्यांचा आवाज आला, मग नळाचा, मग काहीच नाही. काकू कोडं सोडवत होत्या, पण बराच वेळ त्यांची पेन्सिल एकाच चौकोनावर टेकलेली होती.

"मुक्ता," त्या हळूच म्हणाल्या, "मला जायला बंदी आहे. तुला नाही."

आईच्या कुरडया गच्चीवर वाळत होत्या, त्यामुळे किल्ली मागायचं निमित्त मिळालं. काकांचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत गेले. माझी अशी अपेक्षा होती, खरं सांगायचं तर इच्छाच होती, की घरभर पसारा असेल, दूध उतू गेलेलं असेल, आणि आयुष्यभर दुसऱ्यांना पळवणारा हा माणूस स्वयंपाकघरात हतबल उभा असेल. तसं काहीच नव्हतं. ओटा पुसलेला. भांडी पालथी घातलेली. गोळ्यांची डबी जागेवर.

काका मागच्या बाल्कनीत दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत होते. पाठ माझ्याकडे होती. काकूंच्या साडीची एक घडी घालून त्यांनी ती खुर्चीवर ठेवली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "शैला, पाणी घे."

मग ते थांबले. मान जराशी तिरकी करून, बेल वाजली का हे ऐकावं तसे. आणि पुढच्या कपड्याला हात घालायचा विसरून तसेच उभे राहिले.

मी खाकरले. ते वळले.

"किल्ली हवीय काका. कुरडया."

त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढून दिली. टोपी घाल म्हणाले नाहीत. वर गेल्यावर पाय भाजतील, चप्पल काढू नको, असंही म्हणाले नाहीत. मी किल्ली घेऊन तिथेच उभी राहिले.

"झालं का ड्रिल?" मी विचारलं.

"स्वयंपाक झाला. भात मऊ झाला, पण झाला. गोळ्या घेतल्या. गॅस बंद केला, परत जाऊन बघितला."

"मग पास झालात."

काका खुर्चीवर बसायला गेले, तिथे साडी होती म्हणून स्टुलावर बसले. "मुक्ता," ते म्हणाले. याआधी त्यांनी मला नावाने हाक मारल्याचं मला तरी आठवत नाही. "घर जमतं गं. घरात अवघड काही नसतं. पण सकाळपासून मी तिला सांगतोच आहे. पंख्याखाली बस. चष्मा डोक्यावर आहे. पाणी घे. इतकी वर्षं सांगतोय, ती नुसतं हो म्हणते आणि त्यातलं एक करत नाही. मला राग यायचा. आज ते हो नाही आलं, तर पुढची सूचनाच सुचेना."

माझ्याकडे या माणसाविरुद्ध पुष्कळ मुद्दे तयार होते, पण त्यातला एकही इथे लागू पडत नव्हता, आणि याचाही मला राग आला.

"तिला जाऊन सांग, पास झाले म्हणून," काका म्हणाले. "नीट सांग. ती निघणार नाही नाहीतर. ती नदी तिने बघायला पाहिजे."

"मी खोटं बोलत नाही, काका."

"माहिती आहे. म्हणून तर तिला पटेल."

मी घरी आले. आई आणि काकू दोघी माझ्याकडे बघत होत्या.

"पास," मी म्हटलं.

काकूंनी चष्म्यावरून मला नीट पाहिलं. शाळेत उत्तर पाठ केलेल्या मुलीकडे बघत असतील तसं. "भात?"

"मऊ."

"गोळ्या?"

"घेतल्या."

"बोलत होते?"

मी आईकडे बघितलं. आई कुरडयांकडे बघावं तशी खिडकीबाहेर बघायला लागली. "पास झालेत ते काकू," मी म्हटलं. "मी स्वतः बघितलं."

"बरं," काकू म्हणाल्या. "मग उद्या बॅग भरायला घेते."

"आता जा की घरी बाई," आई म्हणाली. "परीक्षा झाली ना."

"इतक्यात कशी जाऊ? अजून मी तिकडेच आहे." आणि त्यांनी पुरवणीचं पान उलटलं.

ऊन कलायला लागलं होतं. बाबा शिफ्टवरून आले, त्यांनी काकूंना सोफ्यावर बघून काही विचारलं नाही, चहा घेतला आणि आत जाऊन झोपले. आई भाजी निवडायला बसली. मग भिंतीपलीकडून आवाज आला, नेहमीचा, भट्टीवरचा.

"शैला, पाणी घे."

आईचे हात थांबले. काकूंनी कोड्यातून मान वर केली नाही. "हो," त्या म्हणाल्या, इतक्या हळू, की शेजारी बसलेल्या मलाही जेमतेम ऐकू आलं. मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, समोरचा पेला उचलला आणि सगळं पाणी प्यायल्या.